फरक तेवढाच आणा

सोमवारी सकाळी आमच्या प्राचार्यांचा चेहरा गोठायचा. विद्यापीठातल्या लोकांबरोबर त्यांची व्हिडिओवर बैठक असे. बोलता बोलता ते पडद्यावर तोंड उघडं ठेवून थांबत आणि आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा तुटक येत राही. कारण त्याच वेळी खालच्या मजल्यावर, माझ्या ताब्यातल्या लॅबमध्ये, झाडून सारे कॉम्प्युटर एका ऑपरेटिंग सिस्टिमचा अख्खा कोड परदेशातल्या सर्व्हरवरून उतरवून घेत असत.

ही सिस्टिम फुकट मिळते आणि तिचा कोड कुणालाही वाचायला खुला असतो. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, अशा फांद्या फुटत गेलेल्या असतात, म्हणून त्याला सोर्स ट्री म्हणतात. जगभरातले लोक त्यात रोज काही ना काही दुरुस्त करतात, तेव्हा आपली प्रत ताजी ठेवावी लागते. ती कशी ठेवायची, याची पद्धत आमच्या विभागप्रमुखांनी घालून दिली होती. जुनं सगळं पुसायचं आणि नवं सगळं आणायचं, तेही प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगवेगळं. "शिळं ठेवायचं नाही," असं ते म्हणत.

एका सोमवारी प्राचार्य गोठले तेव्हा त्यांचे डोळे अर्धे मिटलेले होते. ते चित्र कुणीतरी मोबाइलवर टिपलं आणि दुपारपर्यंत साऱ्या कॉलेजात फिरलं. विभागप्रमुख धावतच लॅबमध्ये आले.

"काहून सर, नेट कोण खाऊन राहिलं?" त्यांनी मला विचारलं. एरवी ते छापील मराठी बोलत. घाबरले की गावाकडची भाषा बाहेर येई.

"आपलीच पद्धत खाते, सर," मी म्हणालो.

माझ्या शेजारी आमच्या विभागातल्या एक मॅडम उभ्या होत्या. त्या भिवापूरच्या. ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय त्याच शिकवायच्या. नोकरीला नव्या होत्या, म्हणून खरं बोलायची सवय अजून सुटली नव्हती. त्यांनी शांतपणे समजावलं की आठवड्यात बदलतात त्या थोड्याच फायली, बाकीचं जिथल्या तिथे असतं. एकदा अख्खं झाड आणून ठेवलं की नंतर फक्त फरक आणायचा. तोही एकाच कॉम्प्युटरने आणायचा. बाकीच्यांनी त्याच्याकडून घ्यायचा, लॅबमधल्या लॅबमध्ये. बाहेरच्या नेटला धक्काही लागणार नाही.

विभागप्रमुखांनी मान हलवली, पण चेहरा खुलला नाही. "फरक म्हणजे अर्धवटच ना?"

"सर, घरची हळद संपली तर आपण सगळा किराणा नव्यानं भरतो का?"

"आमच्याकडे भरतात," विभागप्रमुख म्हणाले.

मग त्यांनी खर्च विचारला. कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर पडून आहे, तोच वापरू, खर्च काहीच नाही, असं मी सांगितलं. तिथेच आमचा प्रस्ताव मेला. फुकटातला उपाय अहवालात दाखवायचा कसा, हा त्यांचा प्रश्न होता.

पुढच्या बैठकीत नवी, भरधाव इंटरनेट लाइन घ्यायचं ठरलं. तिच्यासाठी समिती नेमली गेली. समितीत वेगावर चर्चा झाली आणि चर्चा इतकी लांबली की तिच्यासाठी उपसमिती नेमावी लागली. इकडे सोमवार काही थांबत नव्हते. मुलं तासाला येऊन रिकामी बसत. पडद्यावर टक्के सरकताना बघत. शेवटी मॅडमच म्हणाल्या, "सर, विचारत बसलो तर ही पोरं पास होऊन जातील. तो कोपऱ्यातला डबा चालू करून टाकू ना."

डबा आम्ही चालू केला. त्याने एकदा अख्खं झाड आणलं, आणि त्यानंतर रोज सकाळी तेवढा फरक. बाकीचे कॉम्प्युटर त्याच्याकडून घेऊ लागले. मुलं बाकावर दप्तर ठेवून पाणी पिऊन येईपर्यंत काम आटपलेलं असे. प्राचार्यांचा चेहरा हलू लागला. याचं श्रेय विभागप्रमुखांनी समितीला दिलं. लाइन अजून यायची होती, पण ती येणार या धाकानेच जुनी सुधारली, असं त्यांचं म्हणणं पडलं.

लाइन आली आणि उद्घाटन ठरलं. लॅबच्या दाराला झेंडूचं तोरण, कॉम्प्युटरला कुंकू, माऊसला हळद. पाहुणे म्हणून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले एक साहेब आले. त्यांनी कळ दाबायची, मोठ्या पडद्यावर सोर्स ट्री ताजं होताना सगळ्यांनी बघायचं आणि मग समोसे, असा कार्यक्रम होता.

साहेबांनी कळ दाबली. पडद्यावर एकच ओळ उमटली : ऑलरेडी अप टू डेट.

सकाळीच सगळं ताजं झालं होतं, त्यामुळे आणायला काही उरलंच नव्हतं. आता काहीतरी सुरू होईल म्हणून सगळे पडद्याकडे बघत राहिले. प्राचार्यांनी घसा साफ केला. फोटोवाला म्हणाला, "सर, काही चालू होऊन नाही राहिलं. फोटो कायचा काढू?"

विभागप्रमुख माझ्या कानाशी आले. कपाळावर घाम होता. "उडवा ते झाड."

"काय?"

"अख्खं उडवा. मंग नव्यानं येऊ द्या. लोकायले दिसलं पाहिजे ना गा!"

विभागप्रमुखांच्या तोंडून मला कधी 'गा' हे सलगीचं संबोधन ऐकू येईल असं वाटलं नव्हतं. मी मॅडमकडे पाहिलं. त्या पंख्याकडे पाहत होत्या. मी पुसण्याची आज्ञा दिली, आणि पुसल्या जाणाऱ्या प्रत्येक फाइलचं नाव पडद्यावर दिसेल अशी ती दिली, म्हणजे काय चाललंय ते मला तरी कळावं. नावांचा नुसता धबधबा सुटला. पडदा भरून सरसर, सरसर.

"वा!" साहेब उद्गारले. "याला म्हणतात वेग!"

टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी वाजवल्या, विभागप्रमुखांनी डोक्यावर हात नेऊन वाजवल्या. मागच्या बाकांवरच्या मुलांना पडद्यावरची आज्ञा वाचता येत होती. पोरं हसू दाबत, खाली मान घालून हादरत होती. शेवटची फाइल पुसली गेली तसे साहेब म्हणाले की इतकं जलद काम त्यांनी नोकरीच्या काळात कधी पाहिलं नव्हतं. हे मात्र खरं असावं. मग सगळे समोशांकडे गेले.

नवी लाइन त्या दिवशी आम्ही वापरलीच नाही. मंडळी चटणी वाढून घेत होती तोवर मी कोपऱ्यातल्या डब्याकडून झाड परत घेतलं. विभागप्रमुख बशी घेऊन आले, सगळं जागच्या जागी पाहून हरखले. "बघा, पैसे वसूल झाले की नाही?" आता ते पुन्हा छापील बोलत होते.

ती लाइन पुढे बहुतेक प्राचार्यांच्या खोलीतच मुरली. आता त्यांच्या बैठका अजिबात तुटत नाहीत, आणि पलीकडच्या लोकांना त्यांचं सगळं बोलणं ऐकावं लागतं.

फरक आणण्याचा आणखी एक गुण मला पुढच्या पावसाळ्यात कळला. सगळंच नव्याने आणलं की काय बदललं ते कधी दिसत नाही. फरक आणला की बदललेल्या फायलींची नावं समोर येतात. मॅडम ती रोज सकाळी वाचत, चहा पिता पिता, इतरांनी वर्तमानपत्र वाचावं तशी. एक दिवस वाचता वाचता त्या थांबल्या. कप तसाच हातात.

"काय झालं?" मी विचारलं.

"आली," त्या म्हणाल्या.

मग सांगितलं. सिस्टिमच्या माहितीपानात एक वाक्य चुकीचं होतं. मुलं दरवर्षी त्यापायी अडकत. त्यांनी दुरुस्ती लिहून पाठवली होती. सिस्टिम सांभाळणाऱ्या कुणीतरी ती परत पाठवली, यांनी पुन्हा सुधारून दिली, आणि असं बरंच चाललं होतं. इथे कुणाला बोलल्या नव्हत्या. त्या सकाळी आलेल्या फरकात ती एक ओळ होती, खाली त्यांचं नाव. मी वाचली. मराठी माध्यमात शिकलेल्या बाईचं इंग्रजी वाक्य, स्वच्छ, एकही फालतू शब्द नसलेलं. त्यांनी घरी फोन लावला. "आई वं, माह्यी ओळ लागली," एवढंच म्हणाल्या. पलीकडून बराच वेळ प्रश्न येत राहिले, आणि त्या हसत नुसत्या "हो वं, हो वं" करत होत्या.

विभागप्रमुखांना कळलं तेव्हा ते आधी म्हणाले, "एकच ओळ?" दुसऱ्या दिवशी फाटकावर फ्लेक्स लागला. त्यावर प्राचार्य होते, विभागप्रमुख होते, उद्घाटनाचे साहेबही होते, आणि खाली बारीक अक्षरांत मॅडमचं नाव होतं, एका वेलांटीने चुकलेलं. मी म्हणालो, सांगू का त्यांना, दुरुस्त करतील.

"राहू द्या सर," मॅडम म्हणाल्या, "ते सगळा फ्लेक्सच नवीन छापतील."