किशन काकाच्या गाडीचं नवं तोंड

आमचा किशन काका म्हंजे कंधार ते आमचं गाव बोलेरो हाणणारा माणूस. गाडी लई जुनी. पुढचा एक लाईट पांढरा अन् एक पिवळा, कारण फुटल्यावर दुसऱ्याच गाडीचा बसवलेला. काका दिवसाबी दोन्ही चालू ठेवायचा. पिवळा दिसला की माणसं लांबूनच हात वर करायची. बस आली तरी बसायची न्हाईत, किशनचीच वाट बघायची. काकाला त्याचाच गर्व.

मंग एका रातीला रानातला रोही, म्हंजे नीलगाय, आडवा आला. रोही उठून पळाला, गाडीचं तोंड गेलं. पिवळा लाईट तेवढा वाचला.

चन्नबसप्पा मिस्त्री म्हणला, "काका, जुनं तोंड आता मिळत न्हाई. नांदेडला भंगारात नव्या मॉडेलचं हाय. गाडी मागून ठोकलेली, पुढं ओरखडा न्हाई."

काकाच्या तोंडाला पाणी सुटलं. "बसव."

बंपरची भोकं जुळंनात, तवा पट्ट्या वेल्ड केल्या. लाईटच्या पिना येगळ्या, तवा वायरी कापून जोडल्या. अर्थिंग कुठंतरी कच्ची राहिली. हॉर्न दाबला की दोन्ही लाईट मिचमिच करायचे.

"खोलून बघू का?"

"ऱ्हाऊ दे रं. रुबाब दिसून राहिला."

घरी नागाबाई काकूनं गाडीला चक्कर मारली. "आव, पुढून नवरदेव अन् मागून सासरा! येका बाजूनंच बघायचं का हिला?"

काका फुगून बसला. तवापासून गाडी लावायची ती भिंतीला पाठ करूनच.

बाजारच्या दिवशी निघाला तर रस्त्यावर येकबी हात वर झाला न्हाई. ओळखीची माणसं गाडी बघून बाजूला सरकली. निवृत्तीनं तर बिडी इझवली. लिंबाखाली विठाबाई माळवं घेऊन बसलेली, तिला नीट दिसत न्हाई. काकानं गाडी थांबवून हॉर्न मारला. लाईट मिचकले. म्हातारी पदर सावरून उठली.

"साहेब, म्या कडंलाच हाय बसलेली. रस्त्यात न्हाई."

"मावशे, म्या किशन!"

"आसंल बाबा. किशनची पिवळ्या लाईटाची गाडी येती आता, म्या तिच्यात जाईन."

"हीच ती गाडी!"

"साहेब, गरिबाची मस्करी करू नका."

काका रिकाम्याच गाडीनं पुढं गेला. पुढच्या फाट्यावर माणसं उभी, कुण्या पुढाऱ्याची वाट बघत. काकानं हॉर्न मारला, मिचमिचते लाईट दिसले अन् हलगी सुरू झाली. काका "आरं, न्हाई रं" म्हणस्तोवर गळ्यात हार, खांद्यावर शाल, हातात नारळ. येकानं इचारलं, "साहेब, आमच्या इजंच्या डीपीचं काय?" काका घाबरून म्हणला, "बघतो," अन् गाडी हाणली.

काकूनं शाल बघितली. "गाडीत येकबी शीट बसलं न्हाई अन् खांद्यावर शाल! आता शालीचीच भाजी करते."

काका हसला न्हाई. जेवलाबी न्हाई. म्हणला, "नागे, तीस वर्सं गाडी हाणतो, मला कुणी साहेब म्हणलं न्हाई. आज समद्यांनी म्हणलं, अन् येकबी माणूस गाडीत बसला न्हाई."

सकाळीच मिस्त्रीच्या दारात. "माझा पिवळा दे लावून."

"काका, नव्या तोंडात तो बसत न्हाई."

"तोंडात नको. बंपरखाली टांग."

पट्टी मारून टांगला. नव्या चकचकीत तोंडाखाली जुना पिवळा लाईट, दाढीवर शिरा सांडल्यावानी. चन्नबसप्पाला बघवंना. काका मातर गाणं म्हणत निघाला. लिंबाखाली विठाबाईचा हात लांबूनच वर झाला.

"कुठं मेला व्हतास रं काल? येक साहेब मला नेऊन राहिला व्हता!"

"बसायचं व्हतं की मावशे. एसी आसंल."

औंदा काका नांदेडच्या दवाखान्यातच वारला. छातीचं दुखणं. बालाजीनं, त्याच्या पोरानं, बापाला बापाच्याच गाडीत मागं निजवून घरी आणलं. लाईट समदे चालू. लिंबाखाली विठाबाईनं हात वर केला. बालाजीला पुढं जाता आलं न्हाई. त्या येका दिवसाबिगर काका तिला सोडून कधी गेलाच नव्हता.

म्हातारी दाराशी आली. "किसना, जागा हाय का रं?"

बालाजी म्हणला, "हाय मावशे. पुढं बस. बाबा आज मागं हाय."