पणती म्हणण्याचं कारण

बायकांच्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टरना सगळा स्टाफ पाठीमागे 'पणती' म्हणतो, हे त्यांच्या कानावर फार पूर्वीच आलं होतं. त्या मनातून सुखावल्या होत्या. आपण उजेड देतो, असा सरळ अर्थ त्यांनी लावला आणि नवऱ्यालाही कौतुकाने सांगितला. कामाला बाई वाघ. हातातला घास टाकून रडणाऱ्या पेशंटच्या उशाशी जाऊन बसायच्या. त्यामुळे तो अर्थ त्यांना शोभतही होता.

मग त्यांच्या हाताखालची सगळ्यात भरवशाची सिस्टर दुसऱ्या वॉर्डात बदली मागून मोकळी झाली. ही गेली तर आपला उजवा हात गेला, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी तिला औषधांच्या खोलीत गाठलं.

"काय बिनसलं? मोकळेपणाने सांग."

"सांगून उपयोग आहे का?"

"म्हणजे काय? मी ऐकत नाही होय कुणाचं?"

धाकटी ट्रे पुसत राहिली. मग म्हणाली, "खिडकीजवळच्या आजींच्या गोळीला उशीर झाला, तेव्हा त्यांच्या लेकीसमोर मला झापलंत. आता त्या माझ्या हातून पाणीसुद्धा घेत नाहीत. मी तेव्हाच बोलले होते तुमच्याशी."

"बरोबर आहे, पण त्या दिवशी गर्दी किती होती..."

"बघा. म्हणूनच पणती म्हणतात तुम्हाला. काहीही सांगा, पुढे 'पण' आहेच."

मोठ्या सिस्टरचा चेहरा खर्रकन उतरला.

घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं तावातावाने सांगितलं. तो कपड्यांच्या घड्या घालत होता. हसू दाबत म्हणाला, "मला शंका होतीच."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो होतो. तू म्हणालीस, बरोबर आहे, पण बायका प्रेमाने म्हणतात."

आधी राग आला, मग लाज वाटली. भाजी चिरता चिरता त्या आपले सगळे 'पण' आठवत बसल्या. गंमत म्हणजे त्यातला एकही खोटा नव्हता. गर्दी खरी होती, माणसं कमी होती तेही खरं. पण त्या प्रत्येक खऱ्या कारणाने समोरच्याचं तोंड तेवढं बंद झालं होतं.

सकाळी त्या धाकटीला घेऊन आजींच्या कॉटपाशी गेल्या. लेक शेजारीच होती.

"त्या दिवशी गोळीला उशीर झाला तो माझ्यामुळे. हिला मीच दुसऱ्या कामाला पाठवलं होतं, आणि वर हिलाच बोलले. चूक माझी होती."

गर्दीची गोष्ट अगदी ओठांवर आली होती. त्यांनी ती गिळली. आजींनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि धाकटीपुढे गोळीसाठी हात केला.

बाहेर आल्यावर मोठ्या सिस्टर आशेने थांबल्या. एवढं केल्यावर ती राहील, असं त्यांनी मनात धरलं होतं.

"बरं वाटलं," धाकटी म्हणाली. "मी जाणार मात्र आहे."

हे फार लागलं. आपण वॉर्डासाठी किती राबलो, तिच्यावर किती जीव टाकला, हे सगळं एका दमात तिला ऐकवावंसं वाटलं. त्यांनी तेही गिळलं. मग म्हणाल्या, "जायच्या आधी आणखी काय काय खटकलं ते सांगून जा."

धाकटीने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग भिंतीजवळचं स्टूल पुढे ओढलं.

"बसा," ती म्हणाली. "वेळ लागेल."