बारा वाजून एकेचाळीस मिनिटं

आमच्या कॉलेजच्या संगणक लॅबमध्ये वीस मशीन आहेत, पण खरं मशीन एकच, कोपऱ्यातला सर्व्हर. बाकीची वीस त्याच्याच जिवावर चालतात. तो बंद पडला की सगळी लॅब बंद. तालुक्याच्या गावी हे सांभाळायला माणूस मिळत नाही, म्हणून पदवी झाल्यावर सरांनी मला बोलावून घेतलं आणि मी आलो. नाही म्हणायचा विचारही मनात आला नाही.

सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. आमच्या घरात माझ्या आधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. प्रवेशाचा फॉर्म सरांनी स्वतः भरून घेतला होता, वडिलांची सही कुठे घ्यायची ते पेन्सिलीने खूण करून दिलं होतं. रविवारी लॅब उघडून मला एकट्याला बसू द्यायचे. अर्ज कसा लिहावा, पाल्हाळ कसं टाळावं, हेही त्यांनीच शिकवलं. परतूरकडच्या आमच्या गावातून आई अजून दरवर्षी त्यांच्यासाठी तुरीची डाळ भरून पाठवते.

काळ्या पडद्यावर हुकूम लिहून सॉफ्टवेअर बसवायचं, हेही सरांकडूनच शिकलो. आधी एक ओळ लिहून पॅकेजांची यादी ताजी करून घ्यायची. मग दुसरी ओळ लिहून अपग्रेड कर म्हणायचं. मशीन काय काय बदलणार ते दाखवतं आणि विचारतं, करू का? आपण होकाराचं वाय दाबायचं. मग ते एकेक पॅकेज इंटरनेटवरून उतरवून घेतं आणि सगळी आली की जागेवर बसवायला लागतं. उतरवताना लाइट गेली तर काही बिघडत नाही, राहिलेलं नंतर उतरतं. बसवताना गेली तर मात्र अर्धं जुनं आणि अर्धं नवं अशी गत होते, आणि मशीन सुरू व्हायलाही नकार देतं. म्हणून सरांचा नियम होता, वाय दाबलं की खुर्ची सोडायची नाही.

त्यांचा दुसरा नियम त्याहून जुना होता. रिकाम्या खोलीत वीज जळता कामा नये. मधल्या सुट्टीची घंटा झाली की जेवायला बसण्याआधी सर पूर्ण व्हरांडा फिरायचे आणि उघड्या खोल्यांमधले पंखे, दिवे बंद करत जायचे. आम्ही विद्यार्थी असतानाही वर्गातून शेवटी निघणाऱ्याने बटणं बंद करायची, हा शिरस्ता होता. आजही मी कुणाच्या घरून निघताना नकळत भिंतीकडे बघतो.

तो शुक्रवार होता. शनिवारी विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा होती, बाहेरून परीक्षक येणार होते, आणि सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीचं पाहिजे असं पत्र आदल्या दिवशी आलं होतं. अकराला मी अपग्रेड सुरू केलं. यूपीएसची बॅटरी मागच्या उन्हाळ्यातच गेलेली. पण त्या दिवशी लाइट बराबर होती.

सव्वाबाराला लॅबचे शिपाई चाचा दारात आले. त्यांना निवृत्त व्हायला आठ महिने राहिले होते.

"मी चाललो नमाजला. तू जेवला का?"

"न्हाई चाचा. हे बसवून राह्यलंय. हलता येत न्हाई."

"मशीन जेवतंय अन् तू उपाशी. चांगलंय," म्हणून ते गेले.

सकाळपासून पोटात काही नव्हतं. पडद्यावर ओळी शांतपणे सरकत होत्या. मला वाटलं, पाच मिनिटांत काय होतंय. दार लोटून, डबा घेऊन मी व्हरांड्याच्या टोकाला नळापाशी गेलो. हात धुताना घंटा झाली. दोन घास खाल्ले आणि वर पाहिलं तर सर लॅबमधून बाहेर येत होते. त्यांनी दार ओढून घेतलं आणि पुढच्या खोलीकडे वळले. मला वाटलं, काम कुठवर आलं ते बघून गेले.

परत आलो तर सर्व्हरच्या पंख्याचा आवाज नव्हता. दारामागचा मेन स्विच खाली होता.

कळ दाबली नाही तर पडदा दहा मिनिटांनी आपोआप काळा होतो. दिवे मी लावलेच नव्हते. सरांना ती रिकामी खोली दिसली असणार, आणि हात सवयीने मेनकडे गेला असणार. मी मेन वर केला. सर्व्हर अर्ध्यापर्यंत सुरू झाला आणि तिथेच अडकला. दुरुस्तीच्या मोडमध्ये शिरलो तेव्हा त्याने सांगितलं की मागचं काम मध्येच तुटलंय, ते पूर्ण करायचा हुकूम आधी द्या, त्याशिवाय पुढे काही होणार नाही. हुकूम दिला. एक पॅकेज दुसऱ्यासाठी अडून होतं, दुसरं तिसऱ्यासाठी. एकेकाची गाठ सोडवत बसलो.

दोनला सर आले. पडदा पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"लाइट गेल्ती का?"

"न्हाई सर. मेन बंद झाल्ता."

"तू कुठं होतास?"

"डबा खायला."

"जेवायला तर माणूस जाणारच," ते म्हणाले. तेवढ्यात चाचा पाण्याचा जग घेऊन आत आले. रोज संध्याकाळी मेन बंद करणं हे चाचांचंच काम, त्यामुळे सरांना विचार करावा लागला नाही.

"चाचा, मेन तुम्ही बंद केला?"

"न्हाई साहेब."

"मग काय भुतानं केला? उद्या परीक्षा आहे. पोरांचं वर्ष जाईल, कळतंय का?"

चाचांनी जग टेबलावर ठेवला. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली बघत उभे राहिले. मी कीबोर्डवरची बोटं उचलली आणि परत ठेवली. सर म्हणाले, "हे लेखी जाऊ द्या आता. तू अहवाल लिही. तुझं मराठी चांगलं आहे. प्राचार्यांकडं आजच गेला पाहिजे." लेखी म्हणजे सेवापुस्तकात शेरा. आठ महिने राहिलेल्या माणसाच्या.

सर गेल्यावर मी विचारलं, "चाचा, तुम्ही तर नमाजला गेल्ता. सांगितलं का न्हाई?"

"जायची मुभा जुन्या प्राचार्यांनी तोंडी दिल्ती. कागद कुठंय? नमाजला होतो म्हणलं तर ड्यूटी सोडली म्हणतेत. इथं होतो म्हणलं तर मेन बंद केला म्हणतेत." मग थोडं हसून म्हणाले, "जुम्म्याच्या दिवशी मला गुनाह करायला बी टाइम नसतो, बेटा."

मी हसलो नाही. मी काय पाहिलं होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि तेच मला जास्त जड वाटत होतं.

चार वाजता शेवटचं पॅकेज बसलं. सर्व्हर सुरू झाला, मग एकेक करून वीसही मशीन. मला आनंद व्हायला पाहिजे होता. त्याऐवजी मी कोरा कागद घेऊन बसलो. सरांविरुद्ध मी एक ओळ लिहिणार, ती त्यांनीच शिकवलेल्या मराठीत, हे मला जमत नव्हतं. चाचांविरुद्ध लिहिणं तर खोटंच होतं. दोनदा सुरुवात केली, दोन्ही कागद फाडले.

शेवटी मी मशीनची नोंदवही उघडली. कुठलं पॅकेज कितीला बसलं हे ते सेकंदासकट लिहून ठेवतं. काम तुटण्याआधीची शेवटची ओळ बारा वाजून एकेचाळीस मिनिटांची होती. त्यापुढे दोन तास काहीच नाही. मी कागदावर लिहिलं, "काम दुपारी १२.४१ ला तुटले. आज शुक्रवार असल्याने शिपाई जुन्या प्राचार्यांच्या परवानगीप्रमाणे सव्वाबारापासून नमाजला गेलेले होते. मी खुर्ची सोडून जेवायला गेलो, ही माझी चूक." बस. पाल्हाळ नाही. खरं तर त्यात जे पाहिजे होतं तेही नाही.

स्टाफरूममध्ये सर एकटेच होते. त्यांनी कागद एकदा वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मधल्या सुट्टीची घंटा बारा चाळीसला होते.

"पडदा काळा होता का?"

"हो सर. आपोआप होतो."

त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

"तू पाहिलं होतंस."

"हो सर."

"मग लिहिलं का न्हाईस?"

मी त्यांच्या खिशातल्या घडीकडे बघत राहिलो. सर म्हणाले, "चाचांना बोलव. अन् तीन चहा सांग." चाचा आले तेव्हा सर खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "मेन मी बंद केला होता. अहवाल जाणार न्हाई." चाचा म्हणाले, "होतंय साहेब. हाताला सवय राहते." आणि सरांचं टेबल पुसायला लागले. टेबल स्वच्छच होतं. चहा आम्ही तिघांनी उभ्यानेच घेतला.

परीक्षा नीट झाली. पुढच्या आठवड्यात सरांनी मेन स्विचवर लाकडी पेटी बसवून घेतली, तिला कुलूप लावलं आणि चावी माझ्या हातात दिली. "तुझ्याशिवाय कुणाच्या हातात जाता कामा न्हाई," म्हणाले. ही शिक्षा नव्हती. सरांइतका विश्वास माझ्यावर आयुष्यात कुणी ठेवला नव्हता. पण तेव्हापासून लॅब माझ्याशिवाय उघडत नाही आणि बंदही होत नाही. गावाकडे जायचं तर रविवारी सकाळची बस धरायची आणि संध्याकाळी परतायचं. पुण्याच्या एका कंपनीचं मुलाखतीचं बोलावणं आलं होतं, मंगळवारी. मी कळवलं की येता येणार नाही. सरांना सांगितलं असतं तर त्यांनी चावी परत घेऊन मला पाठवलं असतं, हे मला माहीत आहे. म्हणूनच सांगितलं नाही.

चाचा निवृत्त झाले त्या दिवशी माझ्या कमरेच्या चावीला बोट लावून म्हणाले, "मी सुटलो. तू संभाळ."

आता अपग्रेड असलं की मी दिवे लावून ठेवतो, दाराला आतून कडी घालतो आणि डबा कीबोर्डशेजारीच उघडतो. बारा चाळीसला घंटा होते. सरांची पावलं व्हरांड्यातून येतात, एकेक बटण बंद होत जातं. लॅबच्या दाराशी पावलं थांबतात. पूर्वी ते सरळ आत यायचे. आता बाहेरूनच विचारतात, "काही चालू आहे का?"

"हो सर," मी म्हणतो.

पावलं पुढच्या खोलीकडे जातात. मी ओळी सरकताना बघत राहतो.