उकळलेल्या पाण्यातली वनस्पती

हिंदी मुलखातलं आमचं राज्य वेगळं होऊन नवं झालं त्यानंतरच्या पहिल्या फेब्रुवारीत, बारावीच्या जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी, आमच्या बूढापारा मोहल्ल्यातल्या घराच्या छतावर माझ्या मोठ्या बहिणीचा प्रयोग फसला. मागच्या वर्षी ती याच प्रात्यक्षिकात नापास झाली होती. यंदाही तसंच झालं तर विज्ञान सोडायचं, असं वडिलांनी सांगून ठेवलं होतं.

तेव्हा घराजवळच्या तलावाच्या पायरीवरून पाण्यात हात घातला की हिरव्या पाणवनस्पतीची मूठभर जुडी निघायची. बहिणीने ती काचेच्या भांड्यात ठेवली, वर नरसाळं उपडं घातलं, नरसाळ्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. उन्हात वनस्पती पाण्याचे रेणू फोडते आणि ऑक्सिजन सोडते; त्याचे बुडबुडे नळीत चढायला हवे होते. शेजारी आईच्या वड्या वाळत होत्या. ऊन चढलं. बुडबुडा एकही नाही.

आम्ही धाकटे मराठी समजायचो, बोलायचो हिंदी. मी म्हटलं, "दीदी, ये तो सो गई."

"तू गप बैस!" ती म्हणाली. मग आईकडे वळली. "आई, हे पाणी कुठचं दिलं तू मले?"

"माठातलं. उकळून, गाळून ठेवलेलं."

वडिलांना कावीळ झाल्यापासून घरात न उकळलेलं पाणी कुणाच्या ओठाला लागत नसे.

"उकळलं काहून?"

"काहून म्हणजे? परीक्षेचं काम. तिले नळाचं गढूळ पाजू काय?"

बहीण हसली नाही. "उकळलं की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जाते. तो नसला तर तिचं काम पुढं चालत नाही."

"म्हणजे चांगलं पाणी तिले चालत नाही?" आई म्हणाली. "तुह्या बापाच्या उलट तऱ्हा दिसते हिची."

तरी नळाचं पाणी तिनेच भरून आणलं. बहिणीने त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला. थोड्या वेळाने देठाच्या कापलेल्या टोकातून बारीक बुडबुड्यांची माळ सुटली. आई वड्या उलटायच्या सोडून भांड्याजवळ बसून राहिली. दुपार कलली तेव्हा नळीच्या टोकाला वायू साठला होता. आईने देवघरातली उदबत्ती पेटवून दिली. बहिणीने ज्योत विझवली आणि धुमसतं टोक नळीत धरलं. ते भडकलं.

दुसऱ्या दिवशी बहीण शाळेत नळाच्या पाण्याची बाटली घेऊन गेली. प्रात्यक्षिकात ती पास झाली. त्याच वर्षी तिने बी.एस्सी.ला प्रवेश घेतला.