कंपाउंडरांचे थेंब

"थांबा! श्वास धरा!"

पौडला शिक्षक म्हणून रुजू झालो, त्या श्रावणात शेजाऱ्यांनी माझं असं स्वागत केलं. ओळख करून घ्यावी म्हणून मी त्यांचं फाटक ढकललं होतं. एक पाय आत, एक बाहेर असा तसाच उभा राहिलो. समोर पन्नाशीचे एक गृहस्थ चिखलात गुडघे टेकून गवती चहाच्या पातीला कॅमेरा लावून बसलेले. कळ दाबून झाली तेव्हा उठले. "हां, आता या गुरुजी. थेंब पडला असता."

सरकारी दवाखान्यात ते कंपाउंडर होते. आठवडाभर औषधाचे थेंब मोजायचे आणि सुट्टीला, पाऊस उघडला रे उघडला, की परसातल्या थेंबांचे फोटो काढायचे! बदलून गेलेल्या डॉक्टरांनी दिलेला भात्याचा जुना कॅमेरा, त्याच्यापुढे दोऱ्याने बांधलेलं भिंग, आणि थेंबापर्यंतचं अंतर मोजायला गाठ मारलेली सुतळी. रोलमध्ये फोटो आठ, त्यातले सात हलायचे. "आठवा तर आला न्हवं?" म्हणून स्वारी खूश. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. गावाने त्यांना वेड्यात काढलं होतं आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा.

पात वाऱ्याने हलू नये म्हणून त्यांची पत्नी पलीकडे छत्री उघडून उभी राहायची. काकींना लहानपणी देवी आल्या होत्या, चेहराभर वण. फोटो म्हटलं की पदर तोंडावर. दर वेळी विचारायच्या, "अवो, मी न्हाई ना येत त्यात?"

"न्हाई गं. निस्ता थेंब."

मग त्या निर्धास्त व्हायच्या.

एका भाद्रपदात काकी तापाने गेल्या, आठ दिवसांत. सगळ्या गावाला ज्यांच्या हातच्या औषधाचा गुण यायचा, त्यांना घरात यश आलं नाही. पिरंगुटला दिलेली त्यांची लेक आली होती. दहाव्याला ती वडलांना म्हणाली, "दादा, आईचा येक फोटू द्या मला."

ते खाली बघत राहिले. "तिनं काडू दिला न्हाई. आन् मीबी लई आग्रह केला न्हाई."

एवढा कॅमेरेवाला माणूस, आणि घरात बायकोचा एक फोटो नाही! लेक रडायला लागली, आणि मी उठून बाहेर आलो.

दिवस उरकले तसे ते निगेटिव्हचे डबे काढून खिडकीशी बसू लागले. डोळ्याला भिंग. मला भयंकर राग आला. बायको जाऊन महिना नाही आणि ह्यांना थेंब सुचतायत! मी त्यांच्याकडे जाणं सोडलं. आज त्याची लाज वाटते.

कोजागिरी झाल्यावर राहवेना, म्हणून गेलो. भिंतीवर पुण्याहून मोठा करून आणलेला एक फोटो होता. गवती चहाची पात आणि नारळाएवढा थेंब. पण पात खालून वर गेलेली आणि थेंब तिच्या शेंड्यावर.

"उलटा लागलाय," म्हणत मी तो फिरवायला हात घातला.

"राहू द्या गुरुजी." त्यांनी माझं मनगट धरलं आणि भिंग हातात दिलं. "थेंबात पलीकडचं समदं उलटं पडतं. मला ठावं हुतं. पर आत कोन हाय, ते कदी निरखून बघितलंच न्हाई."

थेंबाच्या आत छत्री धरून एक बाई उभी होती. चेहरा कळत नव्हता, वण तर नाहीच नाही. पण डावीकडे किंचित कललेली मान काकींचीच.

"पात उलटी झाली तर हू दे," ते म्हणाले. "ती सरळ उभी पायजे."

तेही जाऊन आता बरीच वर्षं झाली. फोटो लेकीने पिरंगुटला नेला. मध्यंतरी तिच्याकडे गेलो होतो. चहाचा कप पुढे करत ती म्हणाली, "गुरुजी, येईल त्यो पावना फोटू सरळ करून जातो. मी कुनाला काय बोलत न्हाई. पावना गेला, की आईला परत उभी करते."