सुईच्या भोकातून आलेला सूर्य

"सार, ते तारे हलत नाहीत."

सहावीतल्या एका मुलीचा आवाज; 'सार' म्हणजे सर, तमिळ उच्चारात. कुंभकोणमजवळच्या इन्नंबूरच्या शाळेचं पटांगण, सकाळचे अकरा. आमचं फिरतं तारांगण म्हणजे हवेने फुगवायचा, बाहेरून काळ्या आणि आतून पांढऱ्या कापडाचा घुमट. शाळेची खोली बुटकी, म्हणून तो बाहेर उन्हात उभा केला होता. आत चाळीस मुलं आणि प्रोफेसर. बाहेर मी, हवा भरणाऱ्या पंख्याशेजारी. भिंत कापडाची. आतलं सगळं ऐकू येतं.

"कुठले तारे?" प्रोफेसरांनी विचारलं.

"ते, ओळीतले. बाकी सगळं आकाश फिरलं. ते तिथेच आहेत."

निरीक्षण अचूक होतं. फिरत होतं ते प्रोजेक्टरचं आकाश. ओळीत थांबलेले ठिपके तारे नव्हते, कापडाला पडलेली सुईची भोकं होती. त्यांतून बाहेरचं ऊन आत येत होतं. खरं आकाश आणि दाखवलेलं आकाश यांतला फरक त्या मुलीने कुणी न सांगता पकडला होता. दुसऱ्या कुठल्या शिक्षकाने खेळ थांबवून तिला पुढे बोलावलं असतं.

प्रोफेसर म्हणाले, "प्रश्न शेवटी."

मग त्यांनी दिवे लावले आणि मला आत बोलावलं. मुलांना माइकवर तमिळमध्ये सांगितलं, "एक लहानशी तांत्रिक अडचण आहे." माइक खाली केला. माझ्याकडे वळले. हसून, हळू आवाजात, मराठीत म्हणाले:

"शिंप्याच्या हातीं आकाश दिलें, तर तेणें काजें करून ठेवलीं. चिकटव आतां एकेक."

तारांगण चालवणाऱ्या ट्रस्टचे चिटणीस दाराशी उभे होते. ते प्रोफेसरांचे मेहुणे. ते हसले. त्यांना हसताना पाहून मुलंही हसली. मुलांना शब्द कळले नव्हते. त्यांना वाटलं, काही तरी गमतीचं झालं.

मी काळी चिकटपट्टी घेतली. स्टुलावर चढले. चाळीस मुलांसमोर एकेक भोक बंद केलं. खाली उतरले आणि पंख्याजवळ जाऊन बसले.

खेळ संपल्यावर तिथल्या शिक्षिका मला म्हणाल्या, "सार किती गोड बोलतात तुमच्याशी, तुमच्या भाषेत."

मी "हो" म्हटलं. हे लिहून ठेवणं भाग आहे.

कुंभकोणमला मराठी घराच्या दाराआड बोलली जाते. उंबरा ओलांडला की तमिळ. बसमध्ये, बाजारात, शाळेत, दवाखान्यात तमिळ. आमच्या घरची मराठी जुनी आहे; ही लिहायची मराठी मी पुढे वाचून शिकले. मराठीत बोललेलं बाहेरच्या कुणाला कळत नाही, याचे फायदे आहेत. भाजीवाल्यासमोर नवराबायकोला भांडता येतं. आणि चारचौघांत हसऱ्या चेहऱ्याने माणसाला त्याची जात दाखवता येते. प्रोफेसरांना हा दुसरा फायदा चांगला माहीत होता.

तेही मराठी, आम्हीही मराठी. त्यांचं घराणं इकडच्या मराठा राजांच्या काळी राजवाड्यात पोथ्या वाचायला आलं. आमचं कपडे शिवायला. त्यांच्या घरी माप घ्यायला अप्पा, म्हणजे माझे वडील, तिण्णैपर्यंत जात. तिण्णै म्हणजे घराबाहेरचा ओटा. मी लहानपणी फीत धरायला सोबत असायची. घरातला माणूस बाहेर येऊन उभा राही, अप्पा माप घेत, आम्ही परत. आतलं घर मी कधी पाहिलं नाही. कुणी आत येऊ नका असं म्हणालं नव्हतं. म्हणायची गरजच पडली नव्हती.

सात वर्षं मी एका तमिळ दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत बातम्या लिहिल्या. तिथे एकच गोष्ट नीट शिकवली गेली: माणूस जे बोलला तेच लिहायचं, अवतरणात, एक शब्द इकडचा तिकडे न करता. ती आवृत्ती बंद पडली. प्रोफेसरांनी निवृत्तीनंतर ट्रस्ट काढला होता. त्यांना प्रसिद्धीपत्रकं लिहायला कुणी तरी हवं होतं. पत्रिकेवर छापलं होतं, 'विज्ञान लोकांच्या दारी'. मुलाखतीत मी सांगितलं की मला नुसतं लिहायचं नाही, मुलांशी बोलायचंही आहे. ते म्हणाले, "बघूं. आधी शिक." मी शिकले. ग्रहांची अंतरं, ग्रहणाची भूमिती, तारा कसा जळतो आणि कसा विझतो. दीड वर्षात त्यांनी मला आत बोलू दिलं नाही. पंख्याशेजारी बसायला माणूस लागतो, हे कारण.

ते स्वतः आत काय करत, तेही सांगायला हवं. सुरुवातीची दहा मिनिटं त्यांच्या पदव्या. मग त्यांना परदेशात भेटलेली मोठी माणसं. मग फळ्यावर लिहावं तशी समीकरणं, तीही अंधारात. मुलांनी कधी न ऐकलेले शब्द आणि त्यांचे अर्थ न सांगण्याची खबरदारी. विसाव्या मिनिटाला आतून घोरण्याचा आवाज यायचा. कापडाची भिंत. सगळं ऐकू येतं. प्रश्न शेवटी, आणि शेवट म्हणजे जेवणाची घंटा. लोकांच्या दारी जाऊन हा माणूस स्वतःलाच भेटून परत येत असे.

जुना परदेशी घुमट फाटला तेव्हा नवा कुणी शिवायचा हा प्रश्न आला. मी अप्पांचं नाव सुचवलं. महामहम कुळमच्या, म्हणजे मोठ्या पवित्र तळ्याच्या, मागच्या गल्लीत आमचं दुकान आहे. कलिंगडाच्या फोडींसारखे सोळा लांब तुकडे कापायचे, टोकाला निमुळते, आणि एकमेकांना जोडायचे. सपाट कापडाला गोल कसं करायचं हे अप्पांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी आधी कागदाची लहान टोपी करून पाहिली, मग कापलं. एक शिवण वाकडी गेली. सुती कापडावर करतात तेच त्यांनी केलं: टाके उसवले, पुन्हा घातले. सुती कापड भोकं मिटवतं. धुतलं, इस्त्री फिरवली की खूण राहत नाही. या कापडाला रबराचा थर होता. रबर मिटत नाही. जुन्या शिवणीची भोकं ओळीने तशीच राहिली. आयुष्यभर सुती आणि रेशमी शिवलेल्या माणसाची ही चूक. घुमट मात्र पहिल्या फुंकरीत गोल उभा राहिला.

इन्नंबूरहून परत आल्यावर मी प्रसिद्धीपत्रक लिहिलं. 'विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.' सात वर्षांत अशी किती वाक्यं मी इतरांच्या मजकुरातून खोडली होती. आता स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि खाली प्रोफेसरांची सही घेतली.

दुसऱ्या दिवशी दुकानात बसले होते. आमच्या पत्र्याच्या छपराला खिळ्याचं एक जुनं भोक आहे. त्यातून उन्हाचा ठिपका कापड बेतायच्या टेबलावर पडतो आणि दिवसभर सरकत राहतो. अप्पांचं घड्याळ तेच. ठिपका कात्रीच्या खुंटीपाशी आला की जेवण. माझं सगळं बालपण त्या ठिपक्यापुढे गेलं. तो गोल का, हे मी कधी विचारलं नव्हतं. वर चढून पाहिलं. भोक गोल नव्हतं. फाटकं, तिरपं होतं. त्याच्यावर त्रिकोणी छेद दिलेला पुठ्ठा लावला. टेबलावर ठिपका गोलच. चौकोनी छेद दिला. गोलच.

तो भोकाचा आकार नव्हता. तो सूर्य होता. सूर्याचं चित्र रोज आमच्या टेबलावर पडत होतं आणि आम्ही त्याच्यावर जेवणाची वेळ ठरवत होतो. खडूने त्याच्याभोवती रेघ ओढली. दोन मिनिटांत तो रेघेच्या पूर्ण बाहेर गेला. पृथ्वी फिरते हे मी दीड वर्ष वाचत होते. त्या दुपारी पाहिलं.

पुढचा खेळ चोळपुरमला. पुन्हा पटांगण, पुन्हा ऊन. वारा पडलेला. दहाव्या मिनिटाला प्रोजेक्टर बंद पडला. पंखा चालू होता, घुमट उभा होता, आत गच्च अंधार. प्रोफेसर अंधारातच बोलत राहिले. मुलांची कुजबूज, मग गोंधळ, मग शिट्ट्या. चिटणीस वायरी तपासत बसले.

मी पंख्यापाशी शाळेच्या शिपायांना बसवलं आणि आत गेले. कुणी बोलावलं नव्हतं. स्टुलावर चढून सूर्याच्या बाजूची एक पट्टी सोलली. एकच. जमिनीवरच्या सतरंजीवर उजेडाचा गोल ठिपका पडला, कोटाच्या मोठ्या बटणाएवढा.

"हा सूर्य आहे," मी तमिळमध्ये म्हटलं. "छपराचं भोक सुईचं आहे. हा गोल त्याचा नाही. विश्वास ठेवू नका, तपासा."

पुठ्ठे सोबत आणले होते. एका मुलाला स्टुलावर चढवलं. सुईचं भोक कात्रीच्या टोकाने थोडं मोठं केलं आणि पुठ्ठ्यातला बारीक त्रिकोण त्याच्यावर धरायला लावला.

"गोलच आहे, अक्का!"

"चौकोन धर."

"अजून गोल!"

मग खडूने ठिपक्याभोवती रेघ ओढली. घुमट हवेने हलत होता, ठिपका थरथरत होता, पण पुन्हा जागेवर येत होता. "आता कुणी हलायचं नाही. कोण हलतंय ते बघायचं." चाळीस मुलं त्या रेघेभोवती वाकली. कुणी शिट्टी वाजवली नाही. ठिपका रेघेवर आला. अर्धा बाहेर. पूर्ण बाहेर.

"अक्का, सूर्य पळाला."

"सूर्य?" मी विचारलं.

मग मागून एक मुलगी म्हणाली, "आपण." आणि तिने दोन्ही हातांनी सतरंजी घट्ट धरली, पडू नये म्हणून.

तेवढ्यात प्रोफेसर पुढे आले. त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला. चेहऱ्यावर तेच हसू. तोच हळू आवाज, तीच भाषा.

"पुरे झालें गे. कापड मापायचा खडू हा. आकाश मापायला जात निराळी लागते. जा, पंखा धर."

चिटणीस हसले. मुलंही हसायच्या बेतात होती.

मी मुलांकडे वळले. तमिळमध्ये, माइकशिवाय, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"सार आत्ता माझ्याशी मराठीत बोलले. ते काय म्हणाले ते सांगते. ते म्हणाले: पुरे झालं. कापड मापायचा खडू हा. आकाश मापायला जात वेगळी लागते. जा, पंखा धर."

मी काही वाढवलं नाही. काही वगळलं नाही. आवाजही चढवला नाही.

प्रोफेसरांचं हसू चेहऱ्यावर राहिलं, पण आता ते कुठे ठेवायचं हे त्यांना कळेना. "चेष्टा होती," ते तमिळमध्ये म्हणाले. घाम पुसला. "आमच्यात अशी चेष्टा चालते."

"मागच्या शाळेत म्हणाले होते," मी पुढे सांगितलं, "शिंप्याच्या हाती आकाश दिलं, तर त्याने काजं करून ठेवली. तेव्हा मी गप्प बसले होते."

दाराशी शाळेचे मुख्याध्यापक उभे होते. त्यांनी प्रोफेसरांकडे पाहिलं. "हे म्हणत होतात? आम्हाला वाटलं, कौतुक करताय."

प्रोफेसरांच्या पदव्या कामाला आल्या नाहीत. त्या माणसाकडे दोन भाषा होत्या, एक दाखवायची आणि एक चावायची. दुसरी उघडी पडल्यावर उरलं काय, तर अंधारात उभा एक घामेजलेला म्हातारा आणि त्याच्या हातात आमच्या दुकानातला खडूचा तुकडा. मी तो परत मागितला. त्यांनी दिला.

त्या दिवशीचं प्रसिद्धीपत्रक मी लिहिलं. जे घडलं ते, अवतरणांसह. त्यांच्या टेबलावर ठेवलं, त्याच्याखाली राजीनामा. त्यांनी ते छापायला दिलं नाही. मी दिलं, माझ्या जुन्या दैनिकाच्या मुख्य आवृत्तीला. आलं नाही. ज्यांनी मला अवतरण द्यायला शिकवलं, त्यांनीच कळवलं की विषय नाजूक आहे.

प्रोफेसरांच्या आप्तांचे कपडे आता आमच्या दुकानात येत नाहीत. अप्पा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बोलूं नये होतेंस गे. त्यांच्या तोंडास काय लागायचें."

"ते माझ्या तोंडाला लागले, अप्पा."

त्यांनी मान फिरवली. ते घाबरलेले आहेत आणि घाबरलेलेच राहतील. त्यांना धीर द्यायला माझ्याकडे काही नाही.

घुमटाचं काळं कापड थोडं उरलं होतं. त्याचा लहान तंबू मी स्वतः शिवला, दहा मुलं मावतील एवढा. त्याला पंखा लागत नाही, बाहेर कुणाला बसवावं लागत नाही. शेवटी छताला एक भोक पाडायचं होतं. अप्पांकडे दाभण मागितला. ते जागचे हलले नाहीत. मी उठून घेतला आणि भोक पाडलं.

सोमवारी इन्नंबूरला जाते आहे. परवानगी मुख्याध्यापिकेची घेतली आहे, प्रोफेसरांची नाही. त्या सहावीतल्या मुलीला शोधून आधी तिचा प्रश्न पुन्हा विचारायला लावीन, सगळ्यांसमोर, मोठ्याने, आणि उत्तरही तिच्याकडूनच काढून घेईन. यापुढे मी कुठल्याही आकाशाच्या बाहेर बसणार नाही. आणि माझ्याबद्दल मराठीत जे जे हळू बोललं जाईल, ते तिथल्या तिथे तमिळमध्ये मोठ्याने सांगितलं जाईल. शब्दशः.