सिद्धव्वाच्या भावाचं घर

हळ्ळीखेडचे गुरुलिंग मास्तर रस्त्याने खाली बघत चालत. तुरीची वाळकी शेंग, सुगरणीचं पडलेलं घरटं, बाभळीची गाठ, जे डोळ्यांत भरेल ते उचलून खिशात घालत. सिद्धव्वा आधी नवऱ्याचे खिसे रिकामे करी, मगच सदरा धुवायला टाकी.

हुमनाबादच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली. घरी आले की त्या शेंगा-गाठी पुढे मांडून लाकूड कोरत, त्यावर शाई फिरवून कागदावर ठसे घेत. कधी सिमेंटच्या मूर्ती घडवत. मूर्ती कशाची, असं कुणी विचारलं तर त्यांना धड सांगता येत नसे. "भोपळ्यासारखी हाय," एवढंच म्हणत.

त्यांच्या शेताच्या बांधावर छातीएवढं वारूळ होतं. सिद्धव्वाला पाठीला भाऊ नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला सासूने तिला या वारुळापुढे उभं केलं आणि सांगितलं, आतला नाग हा तुझा भाऊ. तेव्हापासून ती त्याच्या नावाने उपास धरी आणि पंचमीला दूध-लाह्या घेऊन बांधावर जाई. मठातले स्वामी म्हणत, लिंगवंताच्या बाईने वारूळ कशाला पुजायचं? ती मान डोलवी आणि पंचमीला पुन्हा जाई.

मास्तरांचा जीव मात्र वारुळाच्या आत अडकला होता. बाहेरचा आकार त्यांनी किती वेळा कोरला होता. आत काय असेल? त्यांनी उन्हाळाभर नजर ठेवली. वाळवी दिसेना, भोकांवर कोळ्यांनी जाळी धरलेली. वारूळ मेलं, असं त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं. त्यातच कलबुर्गीला त्यांच्या कामांचं प्रदर्शन भरायचं ठरलं, तेही पहिल्यांदाच. पंचमीच्या आधी सिद्धव्वा भालकीला लेकीकडे गेली, तशी मास्तरांनी सिमेंट पातळ कालवलं आणि वारुळाच्या तोंडातून ओतलं. आत घेतंय तोवर ओतत राहिले.

ते घट्ट झाल्यावर त्यांनी भोवतीची माती उकरली, पाण्याने धुतली. जे निघालं ते बघून त्यांचे हात थांबले. खाली घागरीसारखे फुगवटे, त्यांतून वर गेलेल्या वाटा, त्यांना बोटांएवढे, मग काडीएवढे फाटे. असलं काही आपल्या हातून कधी झालं नव्हतं आणि होणारही नव्हतं, हे त्यांना कळलं.

मग बांधावरच्या खड्ड्याकडे लक्ष गेलं आणि सिद्धव्वाची पंचमी आठवली.

पण माणूस मूर्तिकार. त्यांनी तीच लाल माती मळली आणि खड्ड्यावर नवं वारूळ उभं केलं. तोच उंचवटा, तीच भोकं. कुंकू लावून लावून पडलेला खळगासुद्धा केला, त्यात कुंकू चोळलं. लांब जाऊन बघितलं तर त्यांना स्वतःलाच फरक दिसेना.

सिद्धव्वा आली ती लाह्या घेऊनच आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचमीआधीचा शेणाचा सडा टाकायला घागर घेऊन बांधावर निघाली. मास्तर मागे मागे. एरवी ते येत नसत, हे तिच्या लक्षात आलं असावं. तिने सडा टाकला, खळग्यावरून बोटं फिरवली. मास्तरांनी श्वास सोडला.

मग तिने वरच्या भोकावर तळहात धरला. दरवर्षी ती तसं करी. आतून गार वारं येई, ते लागलं की भाऊ घरात आहे असं ती समजे. हात तसाच राहिला. पुन्हा धरला. दुसऱ्या भोकावर धरला.

"हे तुमच्या हातचं हाय," ती म्हणाली.

मास्तरांनी आधी नाही म्हटलं. पावसाने भोकं बुजली असतील म्हणाले.

"आतलं कुठं हाय?"

विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, कडब्यावर ते ठेवलं होतं. सिद्धव्वा उंबऱ्याशी थांबली, मग जवळ गेली.

"एवढं होतं व्हय आत," ती हळूच म्हणाली. मास्तरांना वाटलं, निभावलं.

ती वाकली. खालच्या फुगवट्याच्या बेचक्यात काहीतरी पातळ, खवल्यांचं, सिमेंटमध्ये अर्धं रुतलं होतं. मास्तरांनी ते पाहिलंच नव्हतं.

"ही कात हाय."

"जुनी असंल."

"कात हितं हाय. मग त्यो कुठं हाय?"

मास्तरांनी फुगवट्यावर बोटाच्या पेराने ठोकून बघितलं. सगळीकडे सारखाच आवाज. आत काही असलं तरी कळणार नव्हतं.

"न्हाई आत," ते म्हणाले.

"तुमचं 'न्हाई' मी आज ऐकत न्हाई. फोडा."

त्यांनी अजिजी केली. प्रदर्शन होऊ दे, मग फोडतो म्हणाले. ती म्हणाली, भाऊ आत असंल तर त्याला कलबुर्गीला मांडणार व्हय? मास्तर हातोडी आणायला वळले.

हातोडी त्यांचीच. पहिले फाटे काचेसारखे तुटले. घाव घालताना दोन भीती एकदम वाटत होत्या, आत तो दिसेल ही आणि उगाच फुटतंय हीसुद्धा. वरच्या वाटा गेल्या. एक घागर फुटली, करडं सिमेंट. दुसरी, तेच. शेवटची सगळ्यांत मोठी. मास्तरांचा हात उचलेना. सिद्धव्वाने पदर तोंडावर धरला होता. घाव बसला. आत काही नव्हतं.

ती भिंतीला टेकून खाली बसली. "गेला असंल कुठंतर," एवढंच म्हणाली.

थोड्या वेळाने तिने तुकडे पदरात गोळा केले. मास्तरांनी उरलेले पाटीत भरले. बांधावर जाऊन तिने नवं वारूळ वरून पाडलं आणि तुकडे एकेक आत सोडले. वरून माती लोटली. मास्तर एका हाताने माती ओढत होते, दुसरा हात खिशात.

"खिशातलं बी," ती मागे न बघता म्हणाली.

त्यांनी मूठ बाहेर काढली. काडीएवढ्या फाट्यांचा, बोटभर लांबीचा एक तुकडा होता. त्यांनी तो तिच्या हातावर ठेवला. तिने मातीत खोचला, वरून थापटलं आणि सड्याची रिकामी घागर उचलून चालू लागली.

मास्तर बांधावरच बसले. मूठ इतकी घट्ट धरली होती की त्या फाट्यांचा ठसा तळहातावर उमटला होता, अगदी बारीक रेघेसकट. कागद-पेन्सिल मोटारीच्या खोलीत, हाकेच्या अंतरावर होती. ठसा हळूहळू बुजत गेला. मास्तर उठले नाहीत.